मनालीला बिऱ्हाड हलवण्याआधी

रत्नागिरीच्या एका तरुणाने विचारलं आहे. वय एकतीस, सॉफ्टवेअरचं काम घरून चालतं, लग्नाला दोन वर्षं झाली, गावात आई-वडील आणि हापूसची छोटी बाग. बेसिक माउंटेनियरिंगचा कोर्स झालाय, सह्याद्रीतले सुळके चढतो. गेल्या हिवाळ्यात मनालीजवळच्या सोलंगला आठ दिवस स्कीइंग केलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. मनालीला कायमचं राहायला जावं का, तिथे घर घेता येईल का आणि घरच्यांना कसं सांगावं, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

मी चिपळूणची. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०१९ मनालीत राहिले, चार हिवाळे तिथेच काढले. उन्हाळ्यात चढाई शिकवायचे, हिवाळ्यात स्कीइंग शिकले आणि पुढे शिकवलंही. आता चिपळुणात असते आणि वर्षाला दोन खेपा वर जाते. माझं मत आधी सांगते, कारणं मग. जा, नक्की जा, पण बिऱ्हाड हलवू नका. आधी एक हिवाळा भाड्याच्या घरात काढा, रत्नागिरीचं घर आणि तिथला दिनक्रम तसाच ठेवून.

पहिला मुद्दा असा की तुम्ही चढाई आणि स्कीइंग एका दमात लिहिलंय. सकाळी लिफ्टने बर्फात आणि दुपारी कातळावर, हे आल्प्समधल्या शामोनीसारख्या गावांत जमतं. मनालीत वर्षाची वाटणी वेगळी आहे. जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत बर्फ. त्या दिवसांत आसपासचा खडक एक तर बर्फाखाली असतो, नाहीतर इतका गार की चार पकडींनंतर बोटं आपली वाटत नाहीत. एप्रिल ते जूनचा मध्य खडकासाठी चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीत पाऊस लागतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची हवा सगळ्यात स्वच्छ. म्हणजे एका खेळाचा हंगाम असतो तेव्हा दुसरा बंद. तुमच्या मनात पहिला कोण, हे ठरवल्याशिवाय गाव ठरवू नका.

स्कीइंग पहिलं असेल तर खरं उत्तर मनाली नाही. सोलंगचा उतार शिकायला छान आहे, पण छोटा आहे. दुसऱ्या हिवाळ्यात तो संपल्यासारखा वाटतो. मग स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी पट्टी, चिकटवून तासन्‌तास चढायचं आणि दहा मिनिटांत उतरायचं, असं सुरू होतं. मला ते फार आवडतं, सगळ्यांना आवडत नाही. लिफ्टने वर जाऊन दिवसभर उतरायचं असेल तर गुलमर्ग. तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळपास नेतो. भारतात त्या तोडीचं दुसरं ठिकाण नाही. उत्तराखंडातलं औली सुंदर आहे, पण तिथे जायचं जोशीमठावरून, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या घरांना कशा भेगा गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात तर गुलमर्गचे उतारसुद्धा कोरडे होते, बर्फ पडला तो महिन्याच्या शेवटी. ज्यांनी आठवडाभराची रजा टाकून तिकिटं काढली होती ते हात हलवत परत गेले. ज्याच्या हाताशी दोन महिने असतात त्याला अशा वर्षीही स्कीइंग मिळतं. हिवाळा भाड्याने घ्या म्हणते ते यासाठी.

चढाई पहिली असेल तर मनाली योग्य. गावाच्या वरच बियास कुंडाचा परिसर आहे, फ्रेंडशिप (५२८९ मी.) सारखं पहिल्या हिमशिखराला साजेसं शिखर आहे, आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौलचं खोरं. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. माझ्या काळात पलीकडे जायला रोहतांग घाट (३९७८ मी.) ओलांडावा लागायचा आणि हिवाळ्यात ते दार बंदच असायचं. लाहौल पर्जन्यछायेत आहे. आपल्याकडे कातळावर शेवाळ चढून सगळं बंद असतं, तेव्हा लाहौलातल्या छत्रूला चंद्रा नदीकाठचे घराएवढे दगड कोरडे असतात. कोकणातल्या चढाई करणाऱ्याला हिमालयाने दिलेली ही सगळ्यात मोठी सोय आहे, आणि ती घ्यायला बिऱ्हाड हलवावं लागत नाही.

आता वही घ्या आणि गेल्या वर्षी किती दिवस प्रत्यक्ष दोरावर होतात ते मोजा. किल्ला बघितला, कॅम्प केला, असे दिवस नकोत. फक्त हार्नेस बांधलेले दिवस मोजा. मी हा हिशोब ठेवते. चिपळुणात राहून २०१४ मध्ये माझे ६१ दिवस झाले होते. मनालीतल्या पहिल्या वर्षी ४८. घराच्या खिडकीतून हिमशिखरं दिसत होती आणि दिवस कमी झाले. याची कारणं कुणी मला आधी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगते.

एक म्हणजे उजेड. मनाली अरुंद दरीत आहे. डिसेंबर-जानेवारीत ऊन दरीत उशिरा उतरतं आणि दुपार कलली की डोंगराआड जातं. तुमचं काम दहा ते सात असेल तर सोमवार ते शुक्रवार तुम्ही हिमालय खिडकीतूनच बघणार. राहिले शनिवार-रविवार. त्यातला एक हवा खाते, दुसरा घर. कामाच्या वेळेत मोकळीक नसेल तर मनालीत राहणं आणि रत्नागिरीत राहणं यांत चढाईच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. जागा बदलण्याआधी मॅनेजरशी बोलून वेळ बदलून घ्या. पहाटे काम सुरू करून एकला मोकळं होता आलं, तर तिथला प्रत्येक आठवडा दुप्पट होतो.

दुसरं कारण जास्त मोठं आहे, आणि मला उमगायला वर्ष गेलं. डोंगर मिळतो, दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस मिळत नाही. मनालीत उत्तम गिर्यारोहक आहेत, माझ्याहून कितीतरी सरस. पण चढाई हे त्यांचं पोट आहे. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे ज्या दिवसांत तुम्हाला चढायचंय, नेमके तेव्हाच ते पाहुण्यांना घेऊन वर असतात. मोकळे होतात तेव्हा त्यांना सफरचंदाची बाग असते, घर असतं. आपल्याकडे याच्या उलट आहे. पुण्याची, मुंबईची, चिपळूणची मंडळी नोकऱ्या सांभाळून चढतात आणि सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी येते. शुक्रवारी रात्री तीन फोन केले की शनिवारी पहाटे लिंगाण्याच्या सुळक्याच्या पायथ्याला चार जण उभे असतात. हे वैभव मी तिथे जाऊन गमावलं तेव्हा कळलं. मनालीत जाताना चढाईचा जोडीदार बरोबर नेता आला तर न्या. नसेल तर पहिले दोन महिने चढाईपेक्षा माणसं जोडायला द्या. तिथल्या मुलांबरोबर त्यांच्या बागेत सफरचंदाच्या पेट्या उचला, भिंतीवर सराव करा, कुणाच्या तरी मोहिमेचं सामान वाहा. बिले कसा देता, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून कसा सांभाळता, हे त्यांनी पाहिलं की बोलावणं येतं.

सह्याद्रीतल्या सवयींपैकी काही तिथे उपयोगी पडतात, काही आड येतात. आपला बेसाल्ट ठिसूळ. हातातली पकड आधी ठोकून बघायची, पावलाखालचा दगड खालच्यावर जाणार नाही याची काळजी घ्यायची, गवताच्या पट्ट्यावर भरवसा ठेवायचा नाही, आग्या माश्यांचं पोळं दिसलं की आवाज न करता मागे फिरायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. ज्याने लिंगाणा केला आहे त्याला उंचीची भीती फारशी शिल्लक राहत नाही. तिथला खडक वेगळा, घट्ट आणि खरखरीत. पकडी कमी, भेगा जास्त. भेगेत पंजा अडकवून, मूठ फुगवून वर सरकायचं तंत्र आपल्याकडे क्वचितच लागतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात हाताच्या पाठीची साल निघते. टेप बांधायला शिका.

घराचा प्रश्न. विकत घेण्याचा विचार सध्या सोडून द्या. हिमाचलच्या १९७२ च्या कुळवहिवाट आणि जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ असं आहे की हिमाचलात शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय तिथे जमीन घेता येत नाही. तुमच्या बागेचा सातबारा तिथे चालत नाही, कारण शेतकरी म्हणजे हिमाचलात जमीन कसणारा. आपल्याकडे शेतकरी दाखल्याशिवाय शेतजमीन मिळत नाही, त्यापेक्षा हे एक पाऊल पुढचं. कुणीतरी भेटेल आणि सांगेल, माझ्या नावावर घेऊ, तुम्ही पैसे द्या. त्या वाटेला जाऊ नका. आपल्या गावात परक्याने असं केलेलं आपल्याला चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला की पुरे.

भाड्याचं घर बघताना कोकणी नजर थोडी उलटी करावी लागते. आपण सावली, वारा आणि पडवी बघतो. तिथे ऊन बघायचं. बियासच्या डाव्या तीरावर वशिष्ठच्या उताराला दुपारचं ऊन मिळतं, पलीकडच्या जुन्या मनालीला सकाळचं. घर जानेवारीत बघा, मे महिन्यात सगळीच घरं छान दिसतात. हॉटेलसाठी बांधलेल्या सिमेंटच्या खोल्या स्वस्त मिळतात, पण हिवाळ्यात भिंतीच गारठा सोडतात. जुनं काठकुणी घर मिळालं तर सोन्याहून पिवळं. देवदाराच्या तुळया आणि दगडाचे थर एकाआड एक रचलेले, खाली गोठा, वर माणसं. गुरांची ऊब फळ्यांतून वर येते. मी पहिलं वर्ष सिमेंटच्या खोलीत काढलं आणि पुढची तीन अशा घरात. घरमालकाशी करार अकरा महिन्यांचा लेखी करा आणि त्यात मे-जून येतायत ना ते बघा. सिमेंटच्या खोलीच्या मालकाने मला मे महिन्यात खोली रिकामी करायला सांगितलं होतं, कारण पर्यटक एका रात्रीचे जेवढे देतो तेवढे मी आठवड्याचे देत होते. कागद नव्हता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

आणि नदी बघा. आपण चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माळ्यापर्यंत चढताना पाहिलंय, त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली. जुलै २०२३ मध्ये बियासने मनाली ते कुल्लू रस्त्याचे तुकडे केले, काठावरच्या इमारती पत्त्यासारख्या गेल्या. पाण्याच्या आवाजाने झोप लागते म्हणून काठावरची खोली घेऊ नका. घराच्या वरच्या अंगाला कोरडा नाला असेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा की तो कधी वाहिला होता. गावातला शंभर वर्षांचा वाडा जिथे उभा आहे तिथली पातळी सुरक्षित, हा हिशोब कोकणात चालतो तसाच तिथेही चालतो.

हिवाळ्याची तयारी म्हणजे आगोटीची बेगमीच. फक्त मे ऐवजी ऑक्टोबरात. सुकं लाकूड तेव्हाच घेऊन ठेवायचं, डिसेंबरात मिळतं ते ओलं असतं आणि नुसता धूर देतं. घरात लोखंडी तंदूर असतो, त्याची नळी छतातून बाहेर. तो पेटवण्याची एक रीत आहे, घरमालकिणीकडून शिकून घ्या. नळी तुंबलेली असेल तर धूर आत राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. झोपताना खिडकीची एक फट उघडी ठेवायची, कितीही थंडी असो.

पाण्याची गोष्ट सांगते. पहिल्या जानेवारीत मी रात्री नळ घट्ट बंद केला, जसा आपण करतो. आपल्याला गळणारा नळ बघवत नाही. सकाळी नळाला थेंब नाही. बाहेर जाऊन बघते तर कोपऱ्यावरचा जोड फुटून काळा पाइप उकललेला आणि आत बर्फाचं पेर, उसाच्या कांड्यासारखं, पाइपाची शिवणसुद्धा त्याच्यावर उमटलेली. शेजारची आजी आली, काही बोलली नाही, आपल्या अंगणातला नळ दाखवला. सुतळीएवढी धार रात्रभर चालू होती. वाहतं पाणी सहजी गोठत नाही. पुढे सहा दिवस मी बादलीने पाणी आणलं. चढाईच्या वहीत ते सहा दिवस कोरे आहेत.

जेवणाचं थोडक्यात. मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर आहे, तिथे पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं. उकडा तांदूळ उघड्या पातेल्यात लवकर शिजत नाही, कुकर लागतोच. सोडे, सुकट, आमसुलं घरून न्या. बर्फ पडत असताना सोड्याची आमटी आणि भात यासारखं माणसाला जागेवर आणणारं दुसरं काही नाही.

गावाशी वागताना मात्र कोकणाचा अनुभव कामी येतो. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मकर संक्रांतीपासून ४२ दिवस शांतता पाळतात. देव स्वर्गात गेलेले असतात, त्यामुळे मोठा आवाज नाही, टीव्ही नाही, शेतीचं काम नाही. नेमका स्कीइंगचा हंगाम. बाहेरून आलेल्या पुष्कळांना ते समजत नाही. ज्याच्या दारी शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी येते, ज्याला मान कुणाचा आणि गाऱ्हाणं कुणी घालायचं हे लहानपणापासून माहीत आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. मी त्या दिवसांत स्पीकर कधी लावला नाही, आणि दुसऱ्या वर्षी काठकुणी घर मला मिळालं ते एवढ्यावरच.

आता जिथे माणसं जायबंदी होतात तिकडे येते. फेब्रुवारी २०१८. माझ्या स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, दुरुस्तीला होतं म्हणून भाड्याच्या दुकानातून जोडी घेतली. दुकानदाराने बूट अडकवला, टाच दाबली, खटका बसला, झालं. मी घाईत होते, पुढचा आकडा बघितला नाही. बाइंडिंगवर पुढे-मागे एक छोटी खिडकी असते, त्यात आकडा दिसतो. किती जोर आला की बूट सुटेल हे तो ठरवतो. तो वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरतो, आणि ती लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. माझ्या आधी ती जोडी कुणा जाडजूड माणसाने वापरलेली असावी. साध्या वळणावर उजवी स्की बर्फात रुतली, मी फिरले, बूट सुटला नाही. गुडघ्यात आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा. लिगामेंट तुटला होता. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने मी लीड केलं नाही, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढले नाही. म्हणून सांगते, स्की भाड्याने घेतली तरी बूट स्वतःचा घ्या, आणि प्रत्येक वेळी त्या खिडकीतला आकडा स्वतः वाचा. दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

आरोग्यविम्याची कागदपत्रं काढून वाचा. धाडसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली दुखापत आपल्याकडच्या पॉलिसींतून साधारण वगळलेली असते. तुम्ही हौसेने करता तोवर एक गोष्ट, पण महिन्याला चार पैसे मिळतात म्हणून शिकवायला लागलात की चित्र बदलतं. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

हिमस्खलनाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आठ दिवसांच्या सोलंगमध्ये हे कुणी शिकवत नाही आणि ज्या दिवशी तुम्ही स्किन लावून रस्ता सोडाल त्या दिवसापासून तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. बर्फ घसरतो तो साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणजे स्कीइंगला जो उतार सर्वांत आवडतो त्याच्यावरच. ताज्या बर्फानंतरचा पहिला दिवस सर्वांत वाईट आणि तोच सर्वांत मोहाचा, निळं आकाश, एकही रेघ न उमटलेला उतार. वारा कड्याच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला साठवतो, त्या साठलेल्या अंगावर जायचं नाही. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला आणि बर्फात भेग पळाली, तर तिथूनच परत. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरण्याचा सराव हवा, कारण गाडलेला माणूस जिवंत हाती लागण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांतच असते. खालून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. शोधणारे तुम्हीच. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. अनुभवाने धोका कमी होतो, संपत नाही. दरडीच्या दिवसांत घाटात गाडी न घालणारा कोकणी माणूस बर्फाच्या बाबतीतही तसाच वागू शकतो, मन तेवढं आवरावं लागतं. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत हिवाळ्यात स्कीइंगचे कोर्स होतात. पहिल्या हिवाळ्यात तो करा, एकट्याने रस्ता सोडण्याआधी.

तुम्ही पत्नीबद्दल एकच वाक्य लिहिलंय, ‘तिला डोंगराची तेवढी आवड नाही.’ माझ्या डोळ्यांदेखत मनालीत आलेली आणि परत गेलेली जोडपी आठवते, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत परत जाण्याचं कारण तेच होतं. तुम्ही सकाळी स्की उचलून जाल. ती चार वाजता अंधारणाऱ्या घरात, ओळखीचं माणूस नाही, मासळी नाही, तंदूरला लाकूड घालत बसेल. तिला तिथे स्वतःचं काय असेल, नोकरी, शिक्षण, काहीतरी, हे ठरल्याशिवाय तिला घेऊन जाऊ नका. जानेवारीचे पंधरा दिवस तिने तिथे राहून बघावं आणि मग तिचं मत घ्यावं. मे महिन्यात नेऊन विचारलंत तर ती हो म्हणेल, आणि ते हो खरं नसेल.

आई-वडिलांचं मी माझ्यावरून सांगू शकते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. भावाचा फोन सकाळी आठला आला. बाहेर दोन दिवस बर्फ पडत होता. कुल्लूजवळच्या भुंतर विमानतळावरचं विमान हवेमुळे रद्द, बस कुल्लूच्या खाली मिळेल असं सांगितलं. मी पाठीवर एक बॅग घेऊन बर्फातून चालत निघाले, मग कुणाच्या तरी ट्रकमधून, मग बस, चंदीगढ, विमान, मुंबई, आणि पुन्हा बस. चिपळुणात पोचले ती तिसऱ्या दिवशी रात्री. ऑपरेशन झालं होतं. आई म्हणाली, ‘आलीस? जेवलीस काय?’ एप्रिलमध्ये मी मनालीचं घर सोडलं. डोंगर सुटला नाही, आणि आजही वर्षाला पन्नासच्या वर दिवस होतात. म्हणून बिऱ्हाड न हलवता कसं जमवायचं ते सांगू शकते.

कोकणी माणसाच्या वर्षात तीन गोष्टी हलत नाहीत: शिमगा, आंबा आणि गणपती. तुम्ही कायमचे मनालीत गेलात तर या तिन्हींच्या वेळी तुमचा हंगाम असेल आणि दर वर्षी कुठे तरी मन मोडेल. म्हणून त्यांच्या भोवतीनेच वर्ष आखा. जानेवारीच्या सुरुवातीला वर जा, हिवाळाभर भाड्याने राहा, स्कीइंग करा, शिमग्याला घरी या. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत आंबा. बागेत तुम्ही लागताच, आणि वडिलांना बाकी वर्षभरापेक्षा तेव्हाच जास्त लागता. जूनमध्ये आपला पाऊस सुरू झाला की इथला खडक बंद. तेव्हा लाहौलला जा, पण रस्त्यावर जुलैच्या मुसळधारेत सापडू नका. लवकर निघा आणि एकदा पलीकडे पोचलात की तिथेच राहा. कामासाठी लाहौलातल्या सिस्सू किंवा केलाँगला मुक्काम करा. छत्रूला जाल त्या दिवशी नेटवर विसंबू नका. उंचीची सवय होण्यासाठी घाई नको: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला तीनशे-पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, किनाऱ्यावरून येणाऱ्याने तर अजिबात नाही. गणपतीला घरी. मग नोव्हेंबर ते डिसेंबर आपला सह्याद्री, कोरडा, गार, आणि जोडीदार तयार. मडगाव–चंदीगढ गोवा संपर्क क्रांती रत्नागिरीला थांबते, स्कीची लांब पिशवी वरच्या बर्थवर मावते.

सामान दोन ठिकाणी ठेवावं लागतं, तर इथली खारी हवा लक्षात ठेवा. स्कीच्या पोलादी कडा रत्नागिरीत एका पावसाळ्यात तांबड्या होतात. मार्चमध्ये घरी आणल्या की कोरड्या पुसून तळाला आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यायचा, तो खरवडायचा नाही, जानेवारीत वर गेल्यावर काढायचा. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, बिजागरीत वंगणाचा थेंब. पिसांचं जाकीट आवळून ठेवलं तर बुरशी धरते, मोकळं टांगा आणि ऊन दिसेल त्या दिवशी दाखवा. आणि किनाऱ्याजवळच्या कड्यांवर खडकात ठोकलेले जुने बोल्ट वरून चकचकीत दिसले तरी आतून खाल्लेले असू शकतात. त्यांना एकट्यावर भार देऊ नका.

अशी दोन वर्षं काढा. तेवढ्यातही मन तिकडेच राहायचं म्हणालं, पत्नीला तिथे स्वतःचं काही सापडलं आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पक्का माणूस मिळाला, तर तेव्हा बिऱ्हाड हलवा. मी आडवी येणार नाही, घर शोधायला मदत करीन.

घरच्यांना सांगायचं कसं, हा शेवटचा प्रश्न. वडिलांना हिमालयाचं वर्णन सांगू नका. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा, त्यांच्यासमोर बसा आणि जाण्याच्या आणि येण्याच्या तारखांवर पेनाने गोल करा. आंब्याचे दिवस मोकळे दिसले पाहिजेत, गणपतीचे दिसले पाहिजेत. मी निघाले तेव्हा घरी फक्त जाण्याची तारीख सांगितली होती, आणि आई चार वर्षं दुसरी तारीख विचारत राहिली.